ऱ्हाईनच्या वळणावरचं छापखान्यांचं गाव

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला बर्फाची शिखरं, केबल कार, चॉकलेट आणि यश चोप्रांच्या सिनेमांतली हिरवीगार कुरणं आठवतात. टूर कंपन्यांच्या आठ दिवसांच्या सहलीत बासेल बहुधा नसतंच. असलंच तर गाडी बदलण्यापुरतं. इथे ना हिमशिखर, ना तळं. ऱ्हाईन नदी पूर्वेकडून येते, गावाच्या मधोमध कोपरातून हात वाकवावा तशी वळते आणि सरळ उत्तरेला निघून जाते. त्या वळणाच्या एका बाजूला फ्रान्स, एका बाजूला जर्मनी. गावातली ८ नंबरची हिरवी ट्राम पकडली तर ती तुम्हाला जर्मनीत नेऊन सोडते आणि ३ नंबरची फ्रान्समध्ये. बायका भाजी आणायला सीमा ओलांडतात, कारण पलीकडे स्वस्त मिळते.

स्थानिक लोक गावाचं नाव ‘बाझल’ असं उच्चारतात. आपल्याकडे ‘बासेल मिशन’मुळे बासेल रूढ झालं आहे, म्हणून इथेही तेच ठेवते.

पाचशे वर्षांपूर्वी या गावाची वस्ती जेमतेम दहा हजार होती. पण त्या काळात युरोपातला जो कुणी विद्वान काही नवं लिहीत होता, त्याला ते बासेलमध्ये छापून हवं असायचं. इथे विद्यापीठ होतं, १४६० साली सुरू झालेलं. गावाच्या कडेला कालव्यांवर कागदाच्या गिरण्या होत्या. नदीतून माल खाली हॉलंडपर्यंत जायचा. आणि मुख्य म्हणजे, इथल्या छापखान्यांचे मालक स्वतः शिकलेले होते. ख्रिस्ती धर्मातल्या मोठ्या सुधारणेची गोष्ट सांगताना सगळे विटेनबर्गला जातात, जिथे मार्टिन ल्यूथर होता. ते बरोबरच आहे. पण ल्यूथरच्या हातात जे पुस्तक होतं ते इथे, बासेलच्या एका अरुंद गल्लीत तयार झालं. म्हणून मला हे गाव जास्त महत्त्वाचं वाटतं.

मृतांची गल्ली

लाल रंगाच्या सुंदर टाऊन हॉलसमोर बाजारचौक आहे. तिथून एक पायऱ्यापायऱ्यांची गल्ली वर चढते. तिचं नाव टोटनगेसलाइन, म्हणजे मृतांची गल्ली. वर सेंट पीटरचं चर्च आहे आणि तिथल्या दफनभूमीकडे प्रेतं याच वाटेने नेत. गल्लीच्या मध्यावर ३ नंबरच्या घरात आज औषधांचं संग्रहालय आहे. वाळवलेली मुळं, साप, बरण्या, खल, जुन्या औषधालयांची लाकडी कपाटं असं सगळं तिथे मांडलेलं आहे. मुलांना फार आवडतं. पण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला याच जागेत योहान अमेरबाख आणि त्याच्यानंतर योहान फ्रोबेन यांचा छापखाना चालायचा.

ऑगस्ट १५१४ मध्ये हॉलंडकडचा एक किडकिडीत, थंडीने सतत कुडकुडणारा माणूस फ्रोबेनकडे आला. त्याने सांगितलं, मी इरॅस्मसचा जवळचा मित्र आहे, त्याने मला सगळे अधिकार देऊन पाठवलं आहे. मी जे ठरवीन ते इरॅस्मसनेच ठरवलं असं समजा. आणि शेवटी म्हणाला, आमच्या दोघांत इतकं साम्य आहे की मला पाहिलं की इरॅस्मसला पाहिल्यासारखंच. फ्रोबेनच्या लक्षात आलं आणि तो हसत सुटला. ही गंमत इरॅस्मसने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवली आहे.

डेसिडेरियस इरॅस्मस तेव्हा साधारण पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा होता. रॉटरडॅममध्ये जन्म, तोही एका पाद्र्याच्या पोटी, लग्नाबाहेरचा. त्या काळात हा डाग आयुष्यभर पुसला जात नसे. कोवळ्या वयात प्लेगने आईवडील गेले. पालकांनी मठात ढकललं. तिथे त्याचा जीव रमला नाही. लॅटिनवर विलक्षण हुकमत होती, त्या जोरावर तो मठाबाहेर पडला आणि मग पॅरिस, लंडन, केंब्रिज, व्हेनिस असा फिरतच राहिला. लंडनला मित्र थॉमस मोरच्या घरी मुक्कामाला असताना त्याने ‘मूर्खपणाची स्तुती’ हे पुस्तक लिहिलं. त्यात मूर्खपणा ही एक बाई आहे आणि ती व्यासपीठावर उभी राहून राजे, पंडित, मठवासी, बिशप या सगळ्यांचे आभार मानते, की तुमच्यामुळेच माझा संसार चालतो. पुस्तक तुफान खपलं.

त्याच्यासारख्यांना तेव्हा ‘मानवतावादी’ म्हणत. आज त्या शब्दाचा अर्थ वेगळा झाला आहे. तेव्हा अर्थ सरळ होता: ग्रीक, लॅटिन, जमलं तर हिब्रू शिका आणि जुना ग्रंथ मूळ भाषेत वाचा. तिसऱ्याने चौथ्याला सांगितलेल्या अर्थावर विसंबू नका. ऐकायला किती साधं वाटतं! पण धर्मग्रंथाला हा नियम लावला की काय होतं, ते या गल्लीत दिसलं.

सहा महिन्यांत हजार पानं

युरोपात तेव्हा हजारेक वर्षं बायबलचं लॅटिन भाषांतर प्रमाण मानलं जात होतं. नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला, पण ग्रीक वाचता येणारे पाद्री बोटांवर मोजण्याइतके. ग्रीक मजकूर अजून छापून बाजारात आलेलाच नव्हता. स्पेनमध्ये अल्काला विद्यापीठात त्याची तयारी चालली होती; छपाईही झाली होती, पण प्रकाशन रखडलं होतं. फ्रोबेनला त्यांच्या आधी बाजी मारायची होती. धंदा तो धंदाच.

हस्तलिखितं गावातच मिळाली. शंभर वर्षांपूर्वी बासेलमध्ये चर्चची मोठी धर्मपरिषद भरली होती, १४३१ पासून पुढे अनेक वर्षं चाललेली. तिच्यासाठी आलेल्या रागुसाच्या जॉनने कॉन्स्टँटिनोपलहून ग्रीक पोथ्या आणल्या होत्या आणि मरताना त्या इथल्या डॉमिनिकन मठाला दिल्या होत्या. इरॅस्मसने त्या मागवून घेतल्या. काही ठिकाणी तर त्याने बाराव्या शतकातल्या पोथीवरच दुरुस्त्या केल्या आणि तीच पोथी खिळे जुळवणाऱ्यांच्या हातात दिली. बासेलच्या विद्यापीठ ग्रंथालयात ती आजही आहे. पानांवर कंपोझिटरने केलेल्या लाल खुणा दिसतात: इथे छापील पान संपलं, इथून पुढचं सुरू. आजचा कुठलाही ग्रंथपाल हे पाहून चक्कर येऊन पडेल.

एकीकडे इरॅस्मस लिहितो आहे, दुसरीकडे खिळे जुळवले जात आहेत, तिसरीकडे प्रुफं तपासली जात आहेत, असं काम सुमारे सहा महिने चाललं. हिब्रूच्या मदतीला योहानेस ओकोलांपाडियस नावाचा तरुण पंडित होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे. मार्च १५१६ मध्ये हजारभर पानांचा ग्रंथ बाहेर पडला. एका रकान्यात ग्रीक, शेजारच्या रकान्यात इरॅस्मसचं सुधारलेलं लॅटिन आणि मागे शेकडो टिपा. अर्पण कुणाला? थेट पोप दहावा लिओ यांना. पोपना तो आवडलाही.

घाईचे परिणाम पुस्तकात जागोजागी होते. सगळ्यात गमतीचा नमुना शेवटच्या पानावरचा. प्रकटीकरण या शेवटच्या भागाची एकच ग्रीक पोथी त्याच्याकडे होती आणि तिचं अखेरचं पान गळालं होतं. सहा वचनं नव्हती. मग इरॅस्मसने काय केलं? लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये उलटं भाषांतर करून भर घातली! त्या लॅटिनमध्ये कुणा जुन्या लेखनिकाच्या हातून ‘लिग्नो’ म्हणजे झाड, याचं ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक झालं होतं. त्यामुळे ‘जीवनाचं झाड’ असायला हवं तिथे ‘जीवनाचं पुस्तक’ आलं, ते इरॅस्मसच्या ग्रीकमध्ये गेलं आणि तिथून १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये. एका अक्षराचा प्रवास, पण तो लंडनपर्यंत पोहोचला.

प्रायश्चित्त की पश्चात्ताप?

भाषांतरातला एक शब्द मात्र झाडापुस्तकापेक्षा फार मोठा ठरला. आपल्याला तो समजणं सोपं आहे, कारण मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आधीपासून आहेत.

येशू लोकांना जे आवाहन करतो, त्यासाठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ मन पालटणं, मनाने फिरणं असा होतो. जुन्या लॅटिनमध्ये तिथे जो शब्दप्रयोग होता तो लोकांच्या कानाला ‘प्रायश्चित्त करा’ असा ऐकू यायचा. आणि प्रायश्चित्त म्हटलं की पुढचं सगळं आलंच: पाद्र्यापुढे कबुली, त्याने सांगितलेली शिक्षा, उपास, यात्रा आणि पैसे भरून शिक्षेत सूट देणारी ती प्रसिद्ध क्षमापत्रं. इरॅस्मसने टिपेत दाखवलं की मूळ शब्दात हे काहीच नाही. तिथे आहे तो पश्चात्ताप. करायचा आहे तो माणसाच्या आत. आज मराठी बायबलमध्येही त्या जागी ‘पश्चात्ताप’ हाच शब्द आहे.

पुढच्याच वर्षी, १५१७ मध्ये, ल्यूथरने क्षमापत्रांविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. त्यातला पहिलाच मुद्दा या शब्दावर आहे. १५१९ मध्ये इरॅस्मसच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली आणि ती समोर ठेवून ल्यूथरने नवा करार जर्मन भाषेत आणला, १५२२ साली. चारच वर्षांत विल्यम टिंडेलने तो इंग्रजीत आणला. इरॅस्मसने प्रस्तावनेत इच्छा व्यक्त केली होती की शेतकऱ्याने नांगरामागून आणि विणकराने मागावर बसून हे शब्द गुणगुणावेत. स्वतः तो मात्र आयुष्यभर लॅटिनमध्येच लिहीत राहिला, जी ना शेतकऱ्याला येत होती ना विणकराला.

आणखी एका जागी तो अडचणीत आला. योहानाच्या पहिल्या पत्रातलं एक वचन लॅटिनमध्ये त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच आहेत या श्रद्धेचा, उघड उच्चार करतं. ग्रीक पोथ्यांत ते इरॅस्मसला सापडलं नाही, म्हणून त्याने गाळलं. गहजब झाला. तो पाखंडी ठरू लागला. मग इंग्लंडमधून एक अगदी ताजी दिसणारी ग्रीक पोथी पुढे आली, जिच्यात ते वचन होतं. १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते निमूटपणे घातलं. पोथीबद्दलची शंका टिपेत नोंदवायला विसरला नाही. याला भित्रेपणा म्हणायचं की शहाणपण, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला विचाराल तर तो थकला होता.

डुकराचं मांस आणि मोडक्या मूर्ती

बासेलमध्ये ठिणगी पडली ती जेवणावरून. आपल्याकडे उपास-तापासावरून घराघरांत होणारे वाद आठवा. १५२२ मध्ये ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात काही मंडळींनी मुद्दाम डुकराचं मांस शिजवून खाल्लं, चर्चला आव्हान म्हणून. इरॅस्मसला स्वतःला माशाचा वासही सहन होत नसे आणि उपासाच्या नियमांतून त्याने पुढे रीतसर सूटही मिळवली. त्याने बासेलच्या बिशपना लांबलचक पत्र लिहिलं: हे नियम सैल करा, गरिबाला त्यांचा जाच होतो, श्रीमंत माशांचं पक्वान्न करून मोकळा होतो. पण मुद्दाम दाखवण्यासाठी मांस खाणाऱ्यांचीही त्याने खरडपट्टी काढली. परिणाम असा की दोन्ही बाजू नाराज.

पुढे हेच त्याचं नशीब झालं. जुन्या पक्षाचे लोक म्हणत, अंडं इरॅस्मसने घातलं, ल्यूथरने नुसतं उबवलं. ल्यूथरचे लोक म्हणत, हा सगळं जाणतो पण पुढे यायला घाबरतो. शेवटी १५२४ मध्ये त्याने ल्यूथरविरुद्ध लिहिलं ते माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावर. बरं किंवा वाईट निवडण्याची थोडीतरी ताकद माणसात आहे, असं त्याचं म्हणणं. ल्यूथरने पुढच्या वर्षी चौपट मोठं उत्तर दिलं, की नाही, माणसाची इच्छा बांधलेलीच आहे. दोघांत पुन्हा कधी समेट झाला नाही. ते कधी प्रत्यक्ष भेटलेही नव्हते.

दरम्यान ओकोलांपाडियस बासेलमध्ये धर्मसुधारणेचा पुढारी झाला होता. तोच, प्रुफं तपासणारा. ९ फेब्रुवारी १५२९ ला, कार्निव्हलच्या मंगळवारी, जमाव मोठ्या चर्चमध्ये, म्हणजे म्युन्स्टरमध्ये घुसला. मूर्ती फोडल्या, चित्रं फाडली, लाकडी वेद्यांची होळी केली. गावातल्या इतर चर्चमध्येही तेच झालं. इरॅस्मसने नंतर एका मित्राला खोचकपणे कळवलं की क्षुल्लक अपमानाला चमत्कार करून दाखवणारे संत एवढं होऊनही गप्प कसे राहिले, याचंच मला नवल वाटतं.

पण या गावात राहायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं. राहिला असता तर जगाने तो सुधारकांच्या बाजूचा धरला असता. १३ एप्रिल १५२९ ला पुलाजवळून तो होडीत बसला. निरोप द्यायला बोनिफासियस अमेरबाख होता, छापखान्याच्या जुन्या मालकाचा मुलगा आणि इरॅस्मसचा सगळ्यात विश्वासू मित्र. होडी प्रवाहाबरोबर उत्तरेला गेली. तिथून पुढे फ्रायबुर्ग, जे कॅथलिकच राहिलं होतं. आज बासेलहून फ्रायबुर्गला रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येतं. इरॅस्मस तिथे सहा वर्षं राहिला.

फ्रायबुर्गच्या घरी १५३४ मध्ये काही महिने एक पोर्तुगीज पाहुणा राहिला होता, दामियाँव द गोइश. अँटवर्पमध्ये पोर्तुगालच्या वखारीत त्याने नोकरी केली होती. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून गेलेली मिरी-दालचिनी त्याच्या डोळ्यांसमोरून विकली जात होती. पुढे त्याने दीवच्या १५३८ च्या वेढ्यावर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. पण म्हातारपणी, १५७१ मध्ये, त्याला लिस्बनच्या इन्क्विझिशनने अटक केली. आरोप चाळीस वर्षांपूर्वीचे: तरुणपणी ल्यूथरला भेटला होता, इरॅस्मसच्या घरी राहिला होता. कुणाच्या घरी जेवलात, यावरून सत्तरीच्या उंबरठ्यावर तुरुंगवास.

म्युन्स्टरमधला लाल दगड

म्युन्स्टर टेकडीवर आहे. लाल वालुकाश्माची इमारत, दोन मनोरे, रंगीत कौलांचं नक्षीदार छप्पर. मागच्या बाजूला ‘फाल्झ’ नावाची गच्ची आहे, थेट ऱ्हाईनवर. संध्याकाळी गावातली निम्मी तरुण मुलं तिथल्या कठड्यावर बसलेली असतात. आत गेलात तर चर्च रिकामं वाटेल. मूर्ती नाहीत, रंग नाही. १५२९ च्या त्या मंगळवारचा परिणाम तुम्ही आजही पाहता.

आणि त्या रिकाम्या चर्चमध्ये एका खांबापाशी इरॅस्मसचा स्मृतिलेख आहे, लालसर दगडावर सोनेरी लॅटिन अक्षरांत. १५३५ मध्ये तो पुस्तकं छापून घ्यायच्या निमित्ताने बासेलला परतला. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये त्याचा मित्र थॉमस मोर याचं डोकं उडवलं गेलं, कारण त्याने राजाला चर्चचा प्रमुख मानायला नकार दिला. वर्षभराने, जुलै १५३६ मध्ये, बॉयमलाइनगासे नावाच्या रस्त्यावर फ्रोबेनच्या मुलाच्या घरात इरॅस्मस वारला. मरेपर्यंत तो कॅथलिक पाद्रीच होता. तरी सुधारकांच्या गावाने त्याला आपल्या मुख्य चर्चमध्ये सन्मानाने पुरलं. इतिहासात असं फार वेळा घडत नाही.

संपत्तीचा वारस त्याने अमेरबाखला केलं. त्या पैशातून गरिबांना, आजाऱ्यांना, विद्यार्थ्यांना मदत दिली जाऊ लागली. अमेरबाख कुटुंबाचा चित्रसंग्रह १६६१ मध्ये गावाने आणि विद्यापीठाने मिळून विकत घेतला. आजच्या कुन्स्टम्युझियमचा तो पाया आहे. तिथे हान्स होल्बाइनने काढलेला इरॅस्मस पाहायला मिळतो: बाजूने दिसणारा चेहरा, काळी टोपी, लिहिणारा हात. ‘मूर्खपणाची स्तुती’च्या एका प्रतीच्या समासातही होल्बाइनने तरुणपणी चित्रं काढली होती. त्यातलं स्वतःचं जरा तरुण दाखवलेलं चित्र पाहून इरॅस्मस म्हणाला म्हणे, मी अजून असा दिसत असेन तर लगेच लग्न करीन!

नदीतून लाकडं गोळा करणारा प्राध्यापक

बासेल हे सहिष्णुतेचं गाव, असं इथले मार्गदर्शक अभिमानाने सांगतात. ते अर्धं खरं आहे. १५४२ मध्ये योहानेस ओपोरिनस या मुद्रकाने इथे कुराणाचं लॅटिन भाषांतर छापायला घेतलं, तेव्हा नगरपालिकेने त्याला तुरुंगात टाकलं आणि प्रती जप्त केल्या. आश्चर्य म्हणजे त्याच्या बाजूने ल्यूथरने पत्र लिहिलं. त्याचं इस्लामबद्दलचं मत चांगलं नव्हतं, उलट लोकांनी वाचून पाहावं म्हणजे त्यांना कळेल, असा त्याचा हिशेब. शेवटी १५४३ मध्ये पुस्तक निघालं, गावाचं नाव न छापता. त्याच वर्षी त्याच ओपोरिनसने वेसालियसचा शरीररचनेवरचा सचित्र ग्रंथही छापला, ज्याच्यापासून आधुनिक वैद्यक सुरू झालं असं मानतात.

ओपोरिनसच्याच छापखान्यात सेबास्टियन कास्टेलिओ प्रुफं तपासायचा. फ्रान्समधून आलेला, आधी जिनिव्हात कॅल्व्हिनचा सहकारी, मग त्याच्याशी मतभेद होऊन बाहेर पडलेला. घरात मुलंबाळं, पगार अपुरा. पूर आला की ऱ्हाईनमधून लाकडाचे ओंडके वाहत येत. गावातले लोक आकड्या लावून ते ओढत, हाही ओढायचा. नंतर कॅल्व्हिनने त्याच्यावर लाकूडचोरीचा आळ घेतला तेव्हा त्याला जाहीर खुलासा करावा लागला की नदीत वाहून येणारं लाकूड कुणाच्या मालकीचं नसतं.

२७ ऑक्टोबर १५५३ ला जिनिव्हात मायकेल सर्व्हेटस या स्पॅनिश डॉक्टरला जिवंत जाळलं. गुन्हा? त्रैक्य बायबलमध्ये नाही, असं तो म्हणत होता. तेच त्रैक्य, ज्याच्या एका वचनावरून इरॅस्मसला घाम फुटला होता. आणि जाळणारे कोण, तर पोपच्या छळातून सुटून आलेले सुधारक. कास्टेलिओ तोवर बासेलमध्ये ग्रीकचा प्राध्यापक झाला होता. त्याने टोपणनावाने पुस्तक काढलं, प्रकाशनस्थळ खोटं टाकलं, ‘माग्डेबुर्ग’. पाखंड्यांचा छळ करावा का, हा विषय. त्यात जुन्या-नव्या लेखकांची मतं गोळा केली होती आणि त्यांत इरॅस्मसही होता. त्याचं म्हणणं एवढंच की शिकवण चुकीची असेल तर शब्दांनी खोडा, माणूस जाळून काहीच सिद्ध होत नाही. ४८ व्या वर्षी, १५६३ च्या डिसेंबरमध्ये, तो मेला. त्याच्यावर खटला उभा राहत होता, मृत्यूमुळे तेवढा टळला.

बासेलच्या सहिष्णुतेचं दुसरं टोक डाव्हिड योरिस. हा नेदरलँड्समधला बंडखोर धर्मोपदेशक. नाव बदलून इथे श्रीमंत निर्वासित म्हणून सुखाने राहिला आणि १५५६ मध्ये वारला. तीन वर्षांनी खरं कळल्यावर नगरपालिकेने त्याचं प्रेत उकरून काढलं आणि पुस्तकांसकट जाळलं. इरॅस्मसलाही देवासनावर बसवायची गरज नाही. शांततेवर एवढं लिहिणाऱ्या या माणसाची ज्यूंबद्दलची मतं वाचवत नाहीत.

मंगलोरी कौलांचा पत्ता

सेंट पीटर चर्चपासून पुढे चालत गेलं की मिसिओन्सश्ट्रासे लागतो, म्हणजे मिशनचा रस्ता. बासेल मिशनचं मोठं घर इथे आहे. कोकणात, गोव्यात, मंगळुरात किंवा केरळात राहणाऱ्या वाचकांच्या घरावर कधीतरी मंगलोरी कौलं असतील तर त्यांचा पत्ता हाच! १८१५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे लोक १८३४ साली मंगळुरात पोहोचले. धर्मांतरामुळे घरदार सुटलेल्यांना काम मिळावं म्हणून त्यांनी विणकाम सुरू केलं आणि १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. धारवाड आणि हुबळीलाही त्यांची केंद्रं होती.

आणि बासेलची जुनी सवय त्यांनी सोबत नेलीच: छापखाना. मंगळुरात त्यांनी १८४३ मध्ये पहिलं कन्नड वर्तमानपत्र काढलं. फर्डिनांड किटेलचा कन्नड शब्दकोश आणि हेर्मान गुंडर्टचा मल्याळम शब्दकोश ही याच मिशनच्या माणसांची कामं. गुंडर्टचा नातू म्हणजे ‘सिद्धार्थ’ कादंबरीचा लेखक हेर्मान हेसे. लहानपणी काही वर्षं तो बासेलमध्येच वाढला.

जायचं असेल तर सोमवार टाळा, बरीचशी संग्रहालयं बंद असतात. हॉटेलात उतरलात तर गावातल्या ट्राम-बसचं कार्ड मोफत मिळतं. म्युन्स्टरच्या खालून नदी ओलांडायला छोटी लाकडी नाव आहे. तिला इंजिन नाही की वल्हं नाही; नदीवर आडव्या बांधलेल्या तारेला ती दोराने जोडलेली असते आणि प्रवाहाच्या जोरावरच पलीकडे जाते. उन्हाळ्यात लोक कपडे माशाच्या आकाराच्या पाणीरोधक पिशवीत भरून सरळ नदीत उडी टाकतात आणि वाहत घरी जातात. हे पाहताना हेवा वाटतो. मुलं बरोबर असतील तर सेंट आल्बान भागातल्या जुन्या कागद गिरणीत जरूर न्या. पाणचक्की अजून फिरते. चिंध्यांचा लगदा चाळणीवर घ्यायचा, पाणी निथळू द्यायचं, दाबायचं, वाळवायचं. शेजारच्या खोलीत शिशाचे खिळे आहेत. आपलं नाव जुळवताना ते उलट्या क्रमाने लावावं लागतं, हे मुलांना पहिल्या फटक्यात जमत नाही.